पिवळा सौम्य असतो

तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत असेल, ते मी कधी वाचलं नाही. आम्ही सगळे तिला पट्टी म्हणायचो, आणि तेही तोंडावर. चेरी टोमॅटोच्या पॅकिंग शेडमध्ये प्रत्येक टेबलावर रंगाची एक पट्टी टांगलेली असते. पुठ्ठ्यावर बारा चौकोन, हिरव्यापासून गडद लालपर्यंत, प्रत्येकाला नंबर. फळ पट्टीला लावायचं, नंबर ठरवायचा, खोक्यात टाकायचं. नव्या बायका वर्षभर त्या पुठ्ठ्याला नाक लावून बसतात. या बाईनं बावीस वर्षांत पट्टीकडे मान वळवून पाहिल्याचं मला आठवत नाही. उलट अडलं की मुकादम तिच्यापुढे फळ धरायचा, "सात का आठ?" आणि ती हात न थांबवता म्हणायची, "साडेसात. उद्या दुपारी आठ होईल." व्हायचंच.

मी त्याच शेडमध्ये काट्यावर होतो. फळं तोलायची आणि पुढे पाठवायची. बातम्यांचंही तेच. फळांचा पगार मिळायचा, बातम्या मी हौसेनं पाठवायचो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या शेडला माहीत, आणि म्हणूनच मला सगळं सांगायचे. माणसांचा स्वभाव!

तर पट्टीचं म्हणणं असं, की रंग बघितला की आत काय आहे ते कळलंच पाहिजे. नव्या बायकांना शिकवताना ती फळ नाचवत बोलायची. "हा लाल. आंबट आणि गोड दोन्ही भांडतात, म्हणून चव लागते. डॉक्टर ज्याचं कौतुक करतात ते लायकोपीन यात. हा नारिंगी, गाजराचा चुलतभाऊ, गोड आणि जरा बावळट. हा काळपट, याची चव जड. वांग्याच्या सालीत असतं तसलं काहीतरी याच्या सालीत असतं. हा पट्ट्यापट्ट्यांचा हिरवा, पिकला तरी जिभेला चिमटा काढणार. आणि हा पिवळा. लायकोपीन नाही, आंबटपणा नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पिवळा सौम्य असतो."

माणसांनाही ती याच मापानं मोजायची. मुकादमाबद्दल म्हणाली होती, "गॅसच्या खोलीत पिकवलेला लाल आहे तो. बाहेरून बारा, आतून पाच." ते मुकादमापर्यंत कसं पोचलं हे विचारू नका.

शेडमध्ये गोडी मोजायचं एक यंत्र होतं. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, डोळा लावायचा, आकडा दिसतो. पट्टी आधी आकडा सांगायची, मग यंत्र. फार तर अर्ध्याचा फरक. शेवटी शेवटी असं झालं, की फरक पडला तर पोरी यंत्र पुसायला घ्यायच्या. एखाद्या माणसाला बावीस वर्षं कोणी चूक म्हटलं नाही की त्याचं काय होतं, ते आता ऐका.

तिला एक मोठा भाऊ. आईबाप लवकर गेले, यानंच तिला वाढवलं. तो चावीवाला. राहत्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर घ्यायचा एवढं. भिंतभर चाव्या. मोठा थट्टेखोर माणूस. बाई किल्ली करायला आली की विचारायचा, "नवऱ्यालाही एक करून देऊ, का उशिरा आला की बाहेरच उभा करायचाय?" बहिणीला ठमे म्हणायचा, ती पन्नाशीची झाली तरी.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या बसल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, डायलिसिसच्या यंत्रावर चार-चार तास. ज्यांना या आजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम नावाचा क्षार साठत जातो. आपल्या अंगातून तो लघवीवाटे निघून जातो, यांच्या नाही. यंत्रावर बसलं की निघतो, उठलं की पुन्हा चढायला लागतो. फार चढला की हृदय थांबतं. बहुतेकदा त्याआधी ना दुखतं, ना खुपतं. म्हणून काय खायचं नाही याची मोठी यादी असते.

ती यादी वहिनीनं स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवली होती. ही वहिनी म्हणजे चावीवाल्याची बायको, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर कामाला. चादरीवर सुरकुती राहिली तर तिला जेवण जायचं नाही, अशी बाई. केळं नाही, बटाटा नाही, नारळपाणी नाही, टोमॅटो नाही. प्रत्येकाचं चित्र, त्यावर फुली. भाजी ती बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी फेकायची, पुन्हा नव्या पाण्यात उकळायची, तेही फेकायची. क्षार पाण्याबरोबर जातो, आणि चवही जाते. त्यात मीठ बेताचं. चावीवाला ताटाकडे बघून म्हणायचा, "आज काय धुतलंयस?"

हसायचा, पण वजन उतरत होतं. गालाची हाडं वर आली.

नणंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, ते इथं वेगळं कशाला असेल? पट्टी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर एकटी राहायची. एका रविवारी ती जेवायला खाली आली आणि ताट बघून पेटली.

"वहिनी, हे काय आहे?"

"दुधी."

"दुधी होता तो. आता त्याचं भूत आहे. अगं, माणूस आजारानं नाही मरायचा, या जेवणानं मरेल!"

"वन्सं, तुमच्या भावाला चव द्यायला मलाही आवडेल. डॉक्टरांना विचारून या."

"डॉक्टर काय शेतात गेलाय कधी?"

"तुम्ही गेलात ना? मग तिथंच बोला."

चावीवाला मध्ये पडला. "दोघी भांडा, पण जरा जोरात. तोंडी लावायला तेवढंच आहे."

त्या आठवड्यात पट्टीचं डोकं चालायला लागलं. थंडीचे दिवस होते. शेडमध्ये थंडीत बायकांच्या बोटांना चिरा पडतात, आणि फुटक्या फळाचा रस त्या चिरांत गेला की डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशी सकाळी टेबलावर लाल होते, ती हात झाडत होती. जेवणानंतर पिवळे आले. तीच बोटं, त्याच चिरा, तितकाच रस. झोंबलं नाही, किंवा झोंबलं ते नावापुरतं. तिनं मुद्दाम एक पिवळा चिरेवर पिळून पाहिला. मग एक लाल. मग परत पिवळा.

लालात जे झोंबतं, तेच दादाला बाधतं. पिवळ्यात ते नाहीच. एवढा साधा हिशेब, आणि कोणाला सुचला नाही!

हे तिनं मला बसमध्ये, शेजारी बसून, बोटं दाखवत सांगितलं. मी काय म्हणालो असेन? बावीस वर्षं यंत्राला खोटं पाडणाऱ्या बाईला मी काटेवाला काय सांगणार? मी म्हणालो, "खरंय बुवा. पिवळ्यानं काय होतंय?"

शेड सुटताना फाटकावर पिशव्या बघायचं काम माझ्याकडे होतं. फुटके, तडकलेले, पाच-दहा नेले तर मी बघत नसे. तिच्या कोटाच्या खिशात पिवळे असायचे. मी बघितलं नाही.

शेड दोनला सुटायची, वहिनी धुलाईखान्यातून पाचला यायची. मधले तीन तास भाऊ-बहीण जिन्याखालच्या दुकानात. पहिल्या दिवशी तिनं पाच फळं त्याच्या तळहातावर ठेवली.

तो म्हणाला, "ठमे, यादीत आहे ना हे?"

"यादीतलं चित्र बघ. लाल आहे."

"चित्र तर केळ्याचंही पिवळं आहे."

"ते केळं आहे! दादा, माझ्यावर विश्वास आहे का नाही?"

विश्वास? हा माणूस तिच्या डोळ्यावर लोकांशी पैजा लावायचा. त्यानं एक तोंडात टाकला, दातानं फोडला, आणि साल विरेपर्यंत चघळत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं माझी जीभच गेली."

पाचाचे आठ झाले, आठाचे पंधरा. तो एकेक फळ उजेडाला धरायचा, नंबर सांगायचा, ती चूक दाखवायची. लहानपणी त्यानं तिला कुलूप उघडायला शिकवलं होतं, आता ती त्याला रंग शिकवत होती. त्याच्या चेहऱ्यावर तकाकी आल्याचं मी स्वतः पाहिलं. गिऱ्हाइकांशी पुन्हा वात्रटपणा सुरू झाला. पट्टी शेडमध्ये गाणं गुणगुणायला लागली.

महिन्याची रक्ततपासणी झाली. पोटॅशियम चढलेलं. डायलिसिसच्या नर्सनं वहिनीला बाजूला घेतलं. "भाजीचं पाणी फेकता ना नीट?"

"दोनदा."

"मग तीनदा फेका."

वहिनीनं तीनदा फेकायला सुरुवात केली. भाजी आता दात नसलेल्या माणसालाही चावायला लागणार नाही अशी झाली. चावीवाला ताटावरून लवकर उठायचा. पट्टीला वाटलं, उपाशी मारते ही माझ्या भावाला. तिनं पिवळे वाढवले. पुढच्या महिन्यात आकडा आणखी वर. नर्स वहिनीवर सगळ्यांसमोर ओरडली, शेजारच्या खुर्च्यांवरचे पेशंट बघत राहिले. चावीवाला नळ्या लावून तिथंच पडला होता. बायकोकडे बघून त्यानं डोळे मिटून घेतले. त्याला तेव्हा कळलं होतं का, नुसती शंका होती, का बहिणीला तोंडघशी पाडायचं नव्हतं? मी यावर पुष्कळ डोकं चालवलंय. एरवी दुसऱ्याच्या मनातलं मी बिनदिक्कत सांगतो. इथं नाही सांगता येत.

मग तो शुक्रवार. शुक्रवार ते सोमवार ही यंत्राशिवायची मोठी सुट्टी, आठवड्यातली सगळ्यांत वाईट. शेडमध्ये मोठी ऑर्डर आली होती, शनिवार-रविवार उशिरापर्यंत काम. पट्टीला दुपारी भावाकडे बसता येणार नव्हतं. म्हणून शुक्रवारी तिनं एक अख्खा डबा आणला. अर्ध्या किलोचा, पारदर्शक झाकणाचा, फुटके नव्हेत, चांगले निवडलेले.

"तीन दिवस पुरव. एकदम नको खाऊस."

"तू मला ओळखतेस ना?" तो म्हणाला, आणि डबा चाव्यांच्या खणात, कपड्याखाली लपवला.

रविवारी संध्याकाळी डबा रिकामा होता.

सोमवारी सकाळी डायलिसिसची गाडी यायची होती. जाण्याआधी दुकानाचं शटर तपासायची त्याची सवय. वहिनी पिशवी घेऊन जिन्यात उभी. त्यानं चावी कुलपात घातली, आणि फिरवता येईना. चावीवाल्याला चावी फिरवता येईना! वहिनीला वाटलं, नेहमीची थट्टा. "आता मला शिकवणार का?" ती म्हणाली. तो म्हणाला, "हात ऐकत नाहीये गं." पायांतही जोर नव्हता. पायरीवर बसला. तिनं पिशवी खाली ठेवेपर्यंत भिंतीला कलला.

हॉस्पिटलात वीस मिनिटं छाती दाबली. रक्तात पोटॅशियम नऊला टेकलेलं निघालं, ते पाच-साडेपाचाच्या आत हवं. पट्टी शेडमधून अॅप्रनसकट धावत आली, आणि तिथल्या व्हरांड्यात, वॉर्डबॉय आणि परके लोक बघत असताना, वहिनीला म्हणाली, "मारलंस. उपाशी ठेवून मारलंस माझ्या दादाला."

वहिनी त्याच्या चपला पिशवीत भरत राहिली.

आणि मग पट्टीनं ते सगळीकडे सांगितलं. वाण्याला सांगितलं, दूधवालीला सांगितलं, बसमध्ये सांगितलं, जिन्यात प्रत्येक मजल्यावर सांगितलं. दोन-दोनदा, तीन-तीनदा पाणी फेकायची, नुसता चोथा घालायची. बातमी कशी पळते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? ती मी काट्यावर ठेवली आणि भरपूर वजन लावून पुढे पाठवली. धुलाईखान्यातल्या बायका वहिनीशेजारी जेवायला बसेनात. वाणी तिला सामान देताना म्हणायचा, "आता तरी चवीनं खा."

तीन आठवड्यांनी पट्टी डायलिसिस सेंटरवर गेली. भावाची शाल तिथं राहिली होती. खरं कारण वेगळं होतं. तिला नर्सच्या तोंडून ऐकायचं होतं, की हो, तुमच्या वहिनीचीच चूक.

नर्सनं फाइल उघडली. "शेवटचे दोन महिने सोडले तर छान होतं सगळं. तेव्हा एकदम चढायला लागलं. काहीतरी नवीन सुरू केलं होतं घरी. फळं, ज्यूस?"

"छे. वहिनी कशाला देतेय! मीच आपले दुपारी चार पिवळे द्यायचे."

"पिवळे काय?"

"टोमॅटो. चेरी. पण पिवळे हं, सौम्य."

नर्सनं पेन खाली ठेवलं. "किती?"

"पंधरा... वीस. शेवटी डबा दिला होता."

"बाई," नर्स हळू आवाजात म्हणाली, "पोटॅशियमला रंग नसतो. चवही नसते. लाल घ्या, पिवळा घ्या, काळा घ्या, सगळ्यांत भरपूरच. उगीच नाही यादीत."

"पण झोंबत नाही तो," पट्टी म्हणाली. बोटं पुढे केली. नर्सला त्यातलं काही कळलं नाही. तिनं शाल घडी करून दिली.

पट्टी चालत घरी आली, बसनं नाही. वहिनी इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पट्टी दारातच उभी राहिली.

"वहिनी, मी त्याला—"

"माहीत आहे."

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी दुकान आवरलं. खणात डबा होता. देठं होती."

"आणि तू बोलली नाहीस? मी गावभर तुझं नाव घेत होते आणि तू—"

"वन्सं, मी बोलले असते तर त्या दिवशी तुम्ही गच्चीवर गेला असतात. मला एका वेळी एकच मरण पुरे होतं." तिनं चादरीची घडी दाबली, सुरकुती राहिली, पुन्हा उलगडली. "मी ठरवलं होतं, तुम्हाला कधीच कळायचं नाही. आता कळलंच आहे तर ऐक."

तीस वर्षांत ती पहिल्यांदा नणंदेला एकेरीत बोलली.

"माफ केलं असं समजू नकोस. रडायचं तर वर जाऊन रड. जिथं जिथं माझं नाव घेतलंस, तिथं तिथं जायचं, आणि काय दिलंस, किती दिलंस ते तोंडानं सांगायचं. एक घर सोडायचं नाही."

पट्टी निघाली. वाण्याकडे गेली, तो म्हणाला, "जाऊ द्या हो, दुःखात माणूस काहीही बोलतो." दूधवाली म्हणाली, वहिनीनंच हिला धमकावलं असणार. बसमध्ये ती उभी राहिली, दांडा धरला, आणि सगळं सांगितलं. डबा किती किलोचा, देठं कुठं सापडली, सगळं. मागून एक पोरगी म्हणाली, "पिवळ्यानं काय होतंय ताई? तुम्हीच तर शिकवलंत." पट्टी म्हणाली, "होतं." पुढच्या थांब्यावर निम्मी बस उतरली. जी गोष्ट लोकांनी एकदा चवीनं गिळली, ती परत काढून कोण देतं? भावजयीनं उपाशी मारलं ही गोष्ट झणझणीत होती. बहिणीनं प्रेमानं मारलं, ही कोणाला खाववेना.

संध्याकाळी वहिनी विचारायची, "आज किती?"

"तीन."

"राहिले?"

पट्टी सांगायची, आणि तो आकडा रोज वाढायचा. कारण ज्याच्याकडे ती जायची तो म्हणायचा, मी अमक्याला सांगितलं होतं. मग अमका.

अशी ती माझ्याकडे आली. मी तोवर शेडमधून निवृत्त होऊन घरी बसलो होतो. खुर्चीच्या कडेवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. मला सगळं माहीत होतं, तरी तिनं पहिल्यापासून सांगितलं, मला मध्ये बोलू दिलं नाही. फाटकाचा विषयही तिनं काढला नाही. मग म्हणाली, "तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत?"

आयुष्यात पहिल्यांदा मला नावं आठवू नयेत असं वाटलं. पण आठवली. चौदा. ती प्रत्येकाचा पत्ता विचारत गेली. त्यातला एक, जुना ट्रकवाला, दूर मुलाकडे राहायला गेला होता. सहा तासांचा रस्ता. मी म्हणालो, "अहो, त्याला सोडा. तो कशाला परत इकडे येतोय?"

ती जाऊन आली. ट्रकवाल्यानंच मला नंतर फोन करून सांगितलं. कोणी एक वयस्कर बाई दारात आली, पिशवी खाली ठेवली, आणि स्वतःच्या वहिनीबद्दल काही बोलू लागली. त्याला काही आठवेना. कोण चावीवाला, कोणाची वहिनी, टोमॅटोचं काय?

"मी तिला म्हटलं, बाई, मला यातलं काही माहीतच नाही," ट्रकवाला म्हणाला. "तर ती म्हणते, असू दे, मी पहिल्यापासून सांगते. आणि उंबऱ्यातच बसली."